कार्यमूल्यमापन आणि बोनस : धर्मादाय रुग्णालयासाठी एक अभ्यास



दिवाळी जवळ आली की रुग्णालयाच्या कार्यालयात एक प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो : यंदा बोनस किती? अलीकडे त्यास दुसऱ्या प्रश्नाची जोड मिळाली आहे. सर्वांना सरसकट रक्कम देण्यापेक्षा ज्याचे काम उत्तम त्यास अधिक आणि ज्याचे काम कमी त्यास कमी, अशी पद्धत का असू नये, असे काही विश्वस्त व देणगीदार विचारतात. बँकेत, विमा कंपनीत, कारखान्यात असे चालते. मग रुग्णालयातच अडचण कोणती?

प्रश्न रास्त आहे. रुग्णालयाच्या खर्चात वेतनाचा वाटा मोठा असतो आणि धर्मादाय संस्थेचा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी विश्वासाने आलेला असतो. त्या रुपयाने रुग्णाची सेवा अधिक चांगली व्हावी, ही अपेक्षा योग्यच होय. परंतु या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत ताळेबंदात दिसत नाही. ती खाटेवरील रुग्णास मोजावी लागते. म्हणून आर्थिक पत्रकांच्या जोडीने हा विषय आपणांपुढे थोडा विस्ताराने मांडत आहोत.

बोनस या शब्दाचे तीन अर्थ

बोनसची परंपरा आपल्याकडे मुंबईच्या कापड गिरण्यांतून आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, गिरणी कामगारांना युद्धकालीन बोनस मिळाला. पुढे तो बंद झाला, तेव्हा १९२४ साली त्याच कारणावरून गिरण्यांत मोठा संप झाला. मालकाची मर्जी म्हणून दिलेली रक्कम कामगाराच्या दृष्टीने हक्काची झाली होती. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस काढण्याचे सूत्र घालून दिले आणि १९६५ साली बोनस प्रदान अधिनियम आला. या कायद्याने किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के ही मर्यादा रूढ झाली. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, अर्थात एका महिन्याचे वेतन. २०१५ च्या दुरुस्तीने दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कर्मचारी या कायद्यास पात्र ठरले आणि हिशेबासाठी ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांतील जी रक्कम अधिक ती धरण्याचे ठरले. ७,००० रुपये धरल्यास किमान बोनस वर्षाला सुमारे ७,००० रुपये आणि कमाल १६,८०० रुपये होतो.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नफ्यासाठी स्थापन न झालेल्या संस्थांना, आणि त्यांत रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख करून, १९६५ च्या कायद्याच्या कलम ३२ ने वगळले होते. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तीतही हे वगळणे कायम आहे. म्हणूनच आमच्यासारख्या संस्था दिवाळीस जी रक्कम देतात, तिचे हिशेबातील योग्य नाव 'सानुग्रह अनुदान' असे आहे. बोलताना मात्र सारे त्यास बोनसच म्हणतात, आम्हीही म्हणतो.

या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. पहिली, नफ्यातील वाटा. धर्मादाय संस्थेत नफा वाटला जात नाही. वर्षाअखेर काही शिल्लक राहिलीच तर ती खाटा, यंत्रे व गरीब रुग्णांची सवलत यांकडे वळते. त्यामुळे हा अर्थ आपल्यापुरता गैरलागू आहे. दुसरी, वर्षभर थोडा कमी घेतलेला व सणाला हाती पडणारा पगार. कक्षसेवक, मावशी, सफाई कामगार, वाहनचालक यांच्या घरी मुलांचे कपडे, शाळेची राहिलेली फी आणि दुकानाची उधारी या रकमेवर फिटते. तिसरी, उत्तम कामाचे बक्षीस. सध्याची चर्चा या तिसऱ्या अर्थाविषयी आहे. धोका असा, की दुसऱ्याच्या ताटातील उचलून तिसऱ्याच्या ताटात वाढले जाते. बक्षिसाची योजना आखावयाची असेल तर कोणाच्याही सणाच्या रकमेतून ती कापता कामा नये, हे आमचे पहिले प्रतिपादन होय.

रुग्णालयात मोजमाप हवेच

मोजमापास आमचा विरोध नाही. आधुनिक रुग्णालयाचा पायाच मोजमापावर उभा आहे. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरतात, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकड्यांनी दाखवून दिले. पुढे सर्व रुग्णालयांनी एकसारख्या तक्त्यांत नोंदी ठेवाव्यात असा आग्रह त्यांनी धरला. त्या आकड्यांचा रोख गटारे, हवा, पाणी, गर्दी आणि व्यवस्था यांवर होता. कोणत्या परिचारिकेस चार पैसे कमी द्यावेत, हे ठरवण्यासाठी ते तक्ते नव्हते.

आकडा नुसता पाहिला तर काय होते, याचे दुःखद उदाहरण आपल्याच भागात घडले. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विष्णुपुरी येथील रुग्णालयात २४ रुग्ण मृत्यू पावले. त्यांत १२ नवजात बालके होती. साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले व मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या आकड्याने समाजास जागे केले, हे त्याचे मोल. परंतु आकड्याचा अर्थ लावण्यासाठी पुढचे प्रश्न विचारावे लागतात. किती रुग्ण अन्य ठिकाणांहून अखेरच्या अवस्थेत पाठवले गेले? नवजात शिशू कक्षात खाटा किती व बालके किती होती? मंजूर पदांपैकी किती भरलेली होती? औषधे वेळेवर खरेदी होत होती का? न्यायालयातही रिक्त पदे व औषधखरेदी हेच विषय पुढे आले. ज्या रुग्णालयास कोणालाही परत पाठवता येत नाही, त्याचा मृत्युदर निवडक रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयापेक्षा अधिक दिसणारच. अशा आकड्यावरून तेथील परिचारिकेचा बोनस ठरवला असता तर तो अन्याय झाला असता, आणि मूळ दोष जेथल्या तेथे राहिले असते.

दहावी-बारावीच्या निकालातील 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. त्यामुळे गुण मोजून क्रम लावण्याची सवय आपल्या भागास अधिकच आहे. परंतु परीक्षेत उत्तरपत्रिका एकाच विद्यार्थ्याची असते. रुग्ण बरा होणे ही शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, प्रयोगशाळा, औषध विभाग, स्वयंपाकघर आणि सफाई कामगार या सर्वांनी मिळून लिहिलेली उत्तरपत्रिका असते. तिच्यावरील गुण कोणा एकाच्या नावे लिहिणे कठीण आहे.

एक छोटे गणित

मोजमाप किती जपून करावे लागते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. दीर्घकाळ एकाच कुशीवर पडून राहिल्याने रुग्णास शय्याव्रण होते. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, चादर कोरडी व सुरकुतीविना ठेवणे हे काम परिचारिका व मावशी करतात. म्हणून शय्याव्रणांची संख्या ही शुश्रूषेची चांगली कसोटी मानली जाते.

समजा, एका महिन्यात 'अ' कक्षात एक शय्याव्रण झाले व 'ब' कक्षात तीन. दोन्ही कक्षांत ३० खाटा असून त्या महिनाभर भरलेल्या होत्या, म्हणजे प्रत्येकी ९०० रुग्णदिन झाले. वरवर पाहता 'ब' कक्षाचे काम तिपटीने वाईट आहे. आता केवळ स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णांचे दिवस मोजू. 'अ' कक्षात असे १५० रुग्णदिन होते, तर अर्धांगवायू व मांडीच्या हाडाचे अस्थिभंग असलेल्या 'ब' कक्षात ७५० होते. १५० दिवसांत एक म्हणजे हजारी ६.७, ७५० दिवसांत तीन म्हणजे हजारी ४. क्रम उलटला. ज्या कक्षास आपण दंड करणार होतो, तोच कक्ष अधिक कष्ट घेत होता.

आणि इतकेही पुरेसे नाही. 'अ' कक्षातील तो एक रुग्ण योगायोगाने आलेला असू शकतो. लहान रुग्णालयात महिन्याचे आकडे इतके छोटे असतात, की एका घटनेने टक्केवारी उडी मारते. म्हणून किमान सहा महिने ते वर्षभराचा कल पाहिल्याविना निष्कर्ष काढू नये.

पैसा मोजमापाशी जोडला की काय घडते

या बाबतीत देशातील व परदेशातील अनुभव उपलब्ध आहे.

पहिले उदाहरण आपल्या गावोगावच्या आशा कार्यकर्तींचे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात त्यांस पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठरला. रुग्णालयातील प्रसूती, बालकाचे संपूर्ण लसीकरण, नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी, अशा प्रत्येक कामास दर आहे. ज्या कामांस दर लागला ती कामे वाढली, हे या पद्धतीचे यश मान्य केले पाहिजे. परंतु घरोघरची विचारपूस, रुग्णाची समजूत घालणे, रात्रीची धावपळ ही कामे दरपत्रकात मावत नाहीत. कोविड साथीच्या काळात, जून २०२१ मध्ये, राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागणीचा गाभा निश्चित व पुरेसे मानधन हाच होता. पोटापुरती रक्कमच कामाच्या मोजणीवर टांगली, की मोबदला प्रोत्साहन न राहता टांगती तलवार होतो.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. तेथे २००४ साली कुटुंबवैद्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुणवत्तेच्या गुणांशी जोडला गेला. आरंभी मधुमेह व दम्याच्या रुग्णांची देखभाल सुधारली. लक्ष्य गाठल्यावर सुधारणेचा वेग मंदावला. ज्या बाबींना गुण नव्हते त्यांतील काहींची घसरण झाली आणि रुग्णास आपला नेहमीचा डॉक्टर भेटण्याचे प्रमाणही घटले. अमेरिकेत २००३ ते २००९ या काळात अनेक रुग्णालयांना गुणवत्तेवर बक्षीस देण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बक्षीस असलेल्या व नसलेल्या रुग्णालयांच्या तीस दिवसांतील मृत्युदरात फरक आढळला नाही. पी हळद आणि हो गोरी, असे या क्षेत्रात होत नाही.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर व आपल्या शेजारचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले. शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी साडेतेरा हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे दारिद्र्य, मुकादमाचा दंड, आरोग्यशिक्षणाचा अभाव अशी अनेक कारणे होती. पण शस्त्रक्रियेस पैसा आणि समजावून सांगण्यास काहीही नाही, ही रचना त्यांतील एक कारण होती, असे आमचे मत आहे. शासकीय आरोग्य विमा योजनेत ठरावीक शस्त्रक्रियेस ठरावीक रक्कम मिळते. आता महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी ही योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. तिने असंख्य गरिबांचे प्राण वाचवले आहेत. तथापि, अशा व्यवस्थेत डॉक्टरांचा बोनस शस्त्रक्रियांच्या किंवा भरतीच्या संख्येवर ठरवला, तर 'शस्त्रक्रियेची गरज नाही' हे वाक्य उच्चारणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरांचे दरवेळी नुकसान होईल. रुग्णाचे नातेवाईक म्हणून आपणांस नेमके तेच वाक्य निःशंकपणे ऐकता आले पाहिजे.

लपवण्याचा मोह

आणखी एक परिणाम प्रशासनास विशेष भेडसावतो. परिचारिकेच्या हातून चुकीच्या मात्रेचे औषध गेले, वृद्ध रुग्ण खाटेवरून पडला, टाका पिकला, या घटनांची नोंद बहुधा संबंधित कर्मचारीच करतात. ही नोंद झाली तरच डॉक्टर तत्काळ उपचार करतात आणि दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या एका फळीवर ठेवू नयेत, असा धडा साऱ्या रुग्णालयास मिळतो. आता अशा प्रत्येक नोंदीमागे बोनसमधून रक्कम कापली जाईल असे ठरवा. पुढील महिन्यात घटनांची वही कोरी दिसेल. विश्वस्तांच्या सभेत शून्य आकडा वाचून समाधान व्यक्त होईल, आणि रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित असेल. म्हणून आमच्या मते घटनांची वही व पगाराची वही यांची गाठ कधीही पडू देऊ नये. जाणीवपूर्वक केलेला निष्काळजीपणा, उद्धटपणा वा रुग्णाकडून पैसे घेणे यांसाठी शिस्तभंगाची नियमावली स्वतंत्र आहे. ते काम तिने करावे.

आमच्या शिफारशी

वरील विचारांती विश्वस्त मंडळापुढे पुढील सूचना ठेवीत आहोत :

१. आधी वेतन, मग बक्षीस. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी व वेळेवर पगार यांत उणीव असताना बक्षिसाची योजना सुरू करू नये. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या सफाई व सुरक्षा कर्मचाऱ्यांचाही सणाच्या रकमेत समावेश व्हावा. जंतुसंसर्ग रोखणारा पहिला हात त्यांचाच असतो.

२. एकूण रकमेचा तीन चतुर्थांश भाग सानुग्रह अनुदान म्हणून सर्वांस द्यावा व त्यास मूल्यमापनाचा स्पर्श होऊ नये.

३. उर्वरित एक चतुर्थांश भाग कक्षाच्या किंवा विभागाच्या संपूर्ण गटास मिळावा. मावशीपासून प्रमुख परिचारिकेपर्यंत सर्वांस समान रक्कम असावी. केंद्र शासनाच्या २०१५ पासूनच्या 'कायाकल्प' पुरस्कारातही रकमेचा मोठा भाग रुग्णालयाच्या सुधारणेस व छोटा भाग कर्मचारी गटास, असेच तत्त्व आहे.

४. प्रत्येक गटास चार-पाच कसोट्याच असाव्यात आणि त्या गटाच्या हाती असलेल्या कामाच्या असाव्यात : हात धुण्याची शिस्त, कूस बदलण्याच्या नोंदी, केसपेपरची पूर्णता, तातडीच्या रुग्णास पाहण्यास लागलेला वेळ, नातेवाइकांस दिलेली माहिती. गटाची तुलना त्याच्याच मागील वर्षाशी व्हावी. दोन कक्षांची आपसांत स्पर्धा लावू नये.

५. शस्त्रक्रिया, तपासण्या, भरती झालेले रुग्ण व जमा झालेले बिल यांची संख्या कोणाच्याही बोनसची कसोटी असू नये. बाहेरून रुग्ण पाठवणाऱ्यास कमिशन देणे तर वैद्यकीय आचारसंहितेनेच निषिद्ध आहे.

६. निर्धन व दुर्बल घटकांच्या रुग्णांवरील उपचार कोणत्याही गुणपत्रिकेत ओझे ठरू नयेत. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखण्याची आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करण्याची योजना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने अमलात आली. त्या निधीतील एक पैसाही बोनसकडे वळू नये.

७. नोंदींची तपासणी संबंधित विभागाबाहेरील व्यक्तीने करावी, निष्कर्ष कर्मचाऱ्यांस दाखवावेत व त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. दोन वर्षांनी योजनेचेच मूल्यमापन करून ती चालू ठेवावी की बंद करावी, हे ठरवावे.

समारोप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली आणि या भागातील रुग्णालयांत जखमींची रीघ लागली. पाळी संपल्यावरही त्या दिवसांत थांबून राहिलेल्या परिचारिका, वाहनचालक व सफाई कामगार यांची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे केले. अशा संस्था ज्या सेवाभावावर वाढल्या, तो विकत मिळत नाही. मात्र चुकीच्या मोजमापाने तो दुखावू शकतो, आणि अपुऱ्या पगारावर केवळ सेवाभावाची भिस्त ठेवणे हाही अन्यायच होय. या दोन्ही टोकांपासून दूर राहून कर्मचाऱ्यास सन्मानाने वेतन द्यावे, कामाचे मोजमाप शिकण्यासाठी करावे आणि बक्षीस बेताचे व सर्वांचे मिळून असावे, असा आमचा अभ्यासाअंती अभिप्राय आहे.

देणगीदारांस नम्र विनंती, की आपल्या देणगीतून किती शस्त्रक्रिया झाल्या एवढेच न विचारता, किती रुग्णांची शस्त्रक्रिया टळली, किती जणांस शय्याव्रण झाले व रात्रपाळीस किती परिचारिका होत्या, हेही आम्हांस विचारावे. रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती, की घरी जाताना अभिप्राय वहीत दोन ओळी अवश्य लिहाव्यात. चांगले वाटले ते लिहावे, खटकले ते तर जरूर लिहावे. त्या ओळींमुळे कोणाचाही पगार कापला जाणार नाही. मात्र पुढच्या रुग्णाची सोय त्यांतून निश्चित होऊ शकेल.